बांधाच्या केसचा खर्च भावकीत कसा वाटायचा?

भातशिवार: कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं भाताचं शेत हाय, उताऱ्यावर बाबा आणि दोन काका अशी तिघांची नावं, वाटप झालेलं नाही पण ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. शेजाऱ्यानं बांध कोरत कोरत आत घेतला म्हणून दावा घातलाय. आता कमिशनर, म्हणजे जागेवर येऊन मोजणी करून कोर्टाला अहवाल देणारा माणूस, नेमायचा आमचा अर्ज मंजूर झाला आणि पैसे आम्हालाच भरायला सांगितलेत. धाकटे काका म्हणतात माझा तुकडा रस्त्याकडंला, बांधाला लागतच नाही, मी कशाला देऊ? आणि जिंकलो तर शेजाऱ्याकडनं सगळा खर्च निघतोय काय?

टिळकवाडीकर: सगळा विसरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणं हरणाऱ्यानं खर्च द्यायचा हा नियम, पण कुणी आणि किती द्यायचा ते कोर्ट ठरवतंय, नियम सोडला तर कारण लिहावं लागतं एवढंच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या केसीत 'ज्याचा खर्च त्यानं सोसावा' असं बरेचदा लिहितात. मिळाला तरी डिक्रीच्या (निकालावरच्या हुकूमनाम्याच्या) शेवटच्या तक्त्यात कोर्ट फी, कमिशनरची फी आणि नियमात बसेल तेवढीच वकील फी येते, तुम्ही वकिलाला खरोखर मोजलेले पैसे नि तारखेचे बुडालेले दिवस कोण धरत नाही. शेजाऱ्यानं खोटा बचाव घेतला म्हणून कलम 35अ खाली भरपाई मागितली तरी कमाल 3,000 रुपये, त्यात काय होतंय! कमिशनरचे पैसे अर्ज करणाऱ्यानं आधी भरायचे, निकालात ते धरायला मागता येतात, पावती जपून ठेवा.

उचगावचा गडी: काकांना सांगा, उतारा एकत्र हाय तोवर बांध तिघांचा. उद्या मोजणीत चार गुंठे कमी भरले तर वाटपात त्यांचेपण कमीच येणार की. गुंठ्यांच्या हिशोबानं वर्गणी काढा आणि कागदावर तिघांच्या सह्या घ्या. दाव्याआधी हद्दबस्त, म्हणजे सर्व्हे खात्याकडनं मोजून हद्द ठरवणं, केलेलं काय?

भातशिवार: होय, केलेलं. पण शेजाऱ्यानं नोटीसच घेतली नाही, मोजणीला आला नाही.

टिळकवाडीकर: मग ते कागद, टिप्पणी (जुन्या मोजणीची नोंद) आणि आकारबंद (क्षेत्र नि साऱ्याची नोंद) सगळं कमिशनरपुढं ठेवा, बहुतेक सर्व्हे खात्याचाच माणूस येतोय. स्केच कन्नडमध्ये असणार, जाणकाराकडनं वाचून घ्या, पटलं नाही तर हरकत घालता येते. आणि तिघंही वादी असाल तर हरल्यावर शेजाऱ्याचा खर्च तिघांवर मिळून बसतोय, रस्त्याकडंचा तुकडा म्हणून काका सुटत नाहीत.

उचगावचा गडी: लोकअदालतीत मिटतंय काय तेपण बघा, तिथं तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते.

भातशिवार: शेजारी बसायला तयार हाय, काकाच नाहीत 😅