अमेरिकेतलं मुलींचं कॉलेज बास्केटबॉल: कॉन्फरन्स टुर्नामेंट हरली की टीम घरी जाते का?

वेंगुर्ल्याची सेंटर
आमच्याकडे झोनलला एक मॅच हरलात की बॅग उचला नि एसटी पकडा, विषय संपला. काल तिकडच्या एसईसी या कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग) 2024 च्या टुर्नामेंटमधल्या सेमीची क्लिप बघितली, टेनेसी 73-71 ने पुढे, 1.1 सेकंद शिल्लक आणि साऊथ कॅरोलिनाच्या कार्डोसोने बोर्डला लावून थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) घातला, 74-73! सेंटर आहे ती, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी, कॉलेज करिअरमधला पहिलाच थ्री म्हणे. तो गेला नसता तर तोवर एकही मॅच न हरलेली टीम एनसीएएला, म्हणजे देशपातळीवरच्या मुख्य स्पर्धेला, गेलीच नसती का?

शिट्टीवाला रत्नागिरी
गेली असती गो, आरामात. कॉन्फरन्स टुर्नामेंट जिंकणाऱ्याला थेट एंट्री मिळते, पण 2024 ला 68 टीम होत्या आणि उरलेल्या जागा निवड कमिटी अख्खा सीझन बघून भरते, त्यामुळे अशा टीमला कोण वगळणार. फक्त सीझनच्या शेवटी ते 38-0 (38 जिंकल्या, एकही हरली नाही) झालं नसतं.

मालवणी रिबाउंड
साऊथ कॅरोलिनाचा काय घेऊन बसलस, खरो घोर बारक्या कॉन्फरन्सींका! तिथून बहुतेक वेळा एकच टीम जाते, म्हणजे पोरी लीगमध्ये वर्षभर टॉपला आणि मार्चमध्ये एका संध्याकाळी समोरच्यांचे थ्री पडायला लागले की सगळं पाण्यात, कमिटी ढुंकूनही बघत नाही. अशा टॉपरला 2024 पासून डब्ल्यूबीआयटी नावाच्या 32 टीमांच्या स्पर्धेत घेतात, पण ती समजूत काढल्यासारखीच. मला तरी हे पटत नाय, लीगच्या टॉपरलाच पाठवायला हवं.

चिपळूण पॉइंट गार्ड
अन्याय कसला त्यात? टॉपला राहिलात तर टुर्नामेंटच्या सीडिंगचा (लीगमधल्या नंबरावरून ड्रॉत मिळणारी जागा) फायदा मिळतोच की, एसईसीत पहिल्या चार टीमांना डबल बाय, म्हणजे पहिले दोन राउंड न खेळता थेट क्वार्टर फायनल. आणि लीगवरच सगळं ठरलं तर मार्चमध्ये बघणार कोण? त्याच वर्षी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या फायनलला नेब्रास्काने स्टार केटलिन क्लार्कच्या आयोवाला ओव्हरटाइमपर्यंत खेचलं, आयोवा 94-89 ने जिंकली.

वेंगुर्ल्याची सेंटर
ओके कळलं, थँक्यू. अजून एक, तिकडे शॉट क्लॉक (बॉल मिळाल्यावर शॉट मारायला मिळणारा वेळ) जास्त असतो का? पोरी निवांत पास फिरवताना दिसतात.

शिट्टीवाला रत्नागिरी
हो, कॉलेजला 30 सेकंद. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमाचे) 24. क्वार्टर मात्र बायकांचे तिकडेही 10 मिनिटांचेच, पुरुष कॉलेजवाले अजून 20-20 चे दोन हाफ खेळतात.

मालवणी रिबाउंड
30 सेकंद आमका मिळाले तर आमचो कोच बेंचवर झोपात!