काल्पनिक जगातील पात्रांमध्ये ख्रिस्ती श्रद्धा कशी उतरवावी?

नावाड्याची वही (प्रश्न)

गेली चार वर्षे मी एक फँटसी कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील देशात एके दिवशी नदी समुद्राकडून डोंगराकडे उलटी वाहू लागते आणि एका नावाड्याची मुलगी त्याचे कारण शोधण्यासाठी उगमाकडे निघते. वाटेत तिला एक मेंढपाळ भेटतो, जो अठराव्या प्रकरणात तिच्यासाठी मरतो आणि एकोणिसाव्यात पुन्हा जिवंत होतो. मी ख्रिस्ती आहे, ही कथा माझ्या श्रद्धेतूनच आली आहे आणि ती श्रद्धा लपवण्याची माझी इच्छा नाही.

हस्तलिखित वाचलेल्या चौघांच्या अभिप्रायांनी मात्र मी अस्वस्थ झाले आहे. मेंढपाळ मरून परत येणार हे दोघांनी तिसऱ्या प्रकरणातच ओळखले आणि त्यानंतर त्यांना कशाचीच भीती वाटली नाही. तिसरीला नायिका निर्दोष म्हणून खोटी आणि नदी उलटवणारा मांत्रिक निव्वळ दुष्ट म्हणून कंटाळवाणा वाटला. चौथे वाचक आमच्या प्रार्थनागटातील ज्येष्ठ आहेत. त्यांनी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील जादूटोण्याचा निषेध दाखवून विचारले की, ख्रिस्ती लेखिकेने मंत्रविद्या रंगवावीच कशाला? हे तीन आक्षेप वेगवेगळे आहेत की एकाच चुकीतून आले आहेत, हे मला समजून घ्यायचे आहे.

तिसरा प्रहर (उत्तर)

माझ्या मते पहिले दोन आक्षेप एकाच मुळाचे आहेत. आपण पात्रे निर्माण करण्याआधी त्यांचे अर्थ ठरवले आहेत, त्यामुळे मेंढपाळाला स्वतःचे आयुष्यच उरलेले नाही.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी नार्निया या काल्पनिक जगाच्या, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या कथेविषयी सांगितले आहे की, तिची सुरुवात एका चित्रापासून झाली. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, अर्धा माणूस नि अर्धा बोकड असा एक जीव त्यांना साधारण सोळाव्या वर्षापासून मनात दिसत होता. ख्रिस्ताची आठवण करून देणारा सिंह अस्लान त्या कथेत बऱ्याच उशिरा आला. त्या सिंहाला रूपक म्हणणे लुईस यांना मान्य नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता की, असे एखादे जग खरोखर असते आणि ख्रिस्ताने तेथे देह धारण करायचे ठरवले असते, तर काय घडले असते? हा भेद बारीक दिसतो, पण लिहिताना त्याने सारे बदलते. रूपकात उत्तर आधीच माहीत असते आणि लेखक फक्त नावे बदलतो. येथे मात्र त्या जगाचे नियम पाळून उत्तर शोधावे लागते. जेथे नदी उलटी वाहते तेथे तारणाची किंमत कोणत्या रूपात मोजावी लागेल, हे आपल्या हस्तलिखिताने अजून शोधलेले दिसत नाही, कारण वधस्तंभ आणि रिकामी कबर आपण जशीच्या तशी तेथे नेऊन ठेवली आहे.

शिवाय प्रत्येक ख्रिस्ती कथेत ख्रिस्तासारखे पात्र असलेच पाहिजे, असेही नाही. बायबलमधील मूळ हिब्रू एस्तेरच्या पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही, तरी कथेला वळण देणाऱ्या त्या रात्री राजाला झोप का आली नाही हे विचारल्याशिवाय वाचक पुढे जाऊ शकत नाही. मेंढपाळ ठेवायचाच असेल, तर त्याला थकू द्या, नायिकेकडून नाकारला जाऊ द्या, आणि अठराव्या प्रकरणापर्यंत त्याच्या मरणाचा विचार स्वतः बाजूला ठेवून त्याच्याबरोबर चाला.

जुने हस्तलिखित

खलनायकाविषयी थोडे लिहितो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांची शिकवण अशी की, दुष्टता हे स्वतंत्र द्रव्य नाही. ती चांगल्याची उणीव आहे. कथालेखकासाठी हे अतिशय उपयोगी आहे, कारण त्यानुसार आपला मांत्रिक काहीच नवे निर्माण करू शकत नाही, तो फक्त एखादी चांगली गोष्ट चुकीच्या रीतीने घट्ट धरून बसू शकतो. समजा, नदीने त्याचे दोन मुलगे वाहून नेले आणि जे गेले ते परत यावे म्हणून त्याने प्रवाहच उलटवला. आता त्याचे पाप त्याच्या प्रेमातूनच वाढलेले असेल आणि वाचकाला त्याची भीती वाटेल, कारण ते दुःख त्याच्याही ओळखीचे आहे.

नायिकेसाठी ख्रिस्ताचा शिष्य पेत्र आठवा. योहानाच्या शुभवर्तमानात तो कोळशाच्या विस्तवाजवळ उभा राहून ख्रिस्ताला नाकारतो, आणि पुढे एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाच्याच विस्तवाजवळ त्याला तीन वेळा प्रीतीविषयी विचारले जाते. क्षमेचे एकही व्याख्यान तेथे नाही. विस्तव आणि तीन प्रश्न एवढेच आहे. आपली मुलगी कोठे पळून गेली होती आणि त्याच जागी तिला कोण परत आणते, हे सापडले की ती खोटी वाटणार नाही.

रानवाट

ज्येष्ठांचा आक्षेप झटकून टाकू नये. तो निषेध खऱ्या जगात गुप्त शक्तींकडे धाव घेण्याविषयी आहे, अद्भुत कल्पनेविषयी नाही. बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तर योथाम बोलणाऱ्या झाडांची गोष्ट सांगतो, ज्यात जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राजेपद नाकारतात आणि काटेझुडूप ते पत्करते. पण सामर्थ्य कोणी कसे मिळवले, हा प्रश्न कथेला विचारावाच लागतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे दान देण्याचा अधिकार पैसे देऊन विकत घेऊ पाहतो, आणि त्याची चूक तेथेच आहे. आपल्या नायिकेने मांत्रिकाचेच मंत्र शिकून त्याला हरवले असेल, तर ज्येष्ठांची शंका रास्त आहे.

नावाड्याची वही

तिने तसेच हरवले आहे, आणि हे मला आजवर खटकले नव्हते. मुलग्यांची कल्पना वाचल्यापासून माझ्यापुढे नवी अडचण उभी आहे: नदी पुन्हा समुद्राकडे वळवणे म्हणजे त्या बापाकडून मुलगे दुसऱ्यांदा हिरावून घेणे. हे नायिकेने करावे का?

जुने हस्तलिखित

तिने करू नये असे मला वाटते. प्रवाह त्यानेच सोडावा, आणि त्या वेळी मेंढपाळ त्याच्या शेजारी पाण्यात उभा असावा. अठरावे प्रकरण तेथून लिहून पाहा.