जेनेकर: नाव काय ठेवावं आणि डेकवर कसं बोलावं?

मूळ प्रश्न (मुरुड)

शिडाच्या मोठ्या यॉटवर खलाशी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका लिहितो आहे. बहुतेक मुलं कोळीवाड्यातली. दर्या त्यांना नवा नाही, पण घरची होडी इंजिनावर चालते. शीड त्यांनी आजोबांच्या बोलण्यातच ऐकलेलं. नांगर, सुकाणू, डोलकाठी, शीड इथवर काही अडलं नाही. 'जेनेकर'पाशी गाडी थांबली. एका स्नेह्यांनी 'फुगशीड' सुचवलं, दुसऱ्यांनी 'असममित वातशीड'. उच्चारही कुणी जेनेकर करतं, कुणी गेनाकर. नेमका अर्थ काय आणि लिहावं काय?

प्रतिसाद (पुणे)

हा जोडशब्द आहे: जिनोआ आणि स्पिनेकर. जिनोआ म्हणजे डोलकाठी ओलांडून मागे पोचणारं पुढचं मोठं शीड. इटलीतल्या जेनोवा शहरावरून हे नाव पडलं; १९२०च्या दशकात तिथल्या शर्यतींत स्वीडनचे स्वेन सालेन यांनी ते वापरलं होतं. स्पिनेकर म्हणजे वारा मागून असताना लावायचं मोठं फुगीर शीड. ते त्याहून जुनं, १८६०च्या दशकातलं. 'स्फिंक्स' नावाच्या यॉटवरून तो शब्द आला असा तर्क कोशांत सापडतो. जिनोआतला ज कायम ठेवायचा तर 'जेनेकर' बरोबर. 'गेनाकर' हा जर्मन वळणाचा उच्चार.

प्रतिसाद (रत्नागिरी)

व्युत्पत्ती वरच्या प्रतिसादात आलीच आहे, मी वस्तूबद्दल लिहितो. ती डोळ्यांसमोर आली की नावाचा प्रश्न निम्मा सुटेल.

मुंबई ते गोवा अशा फेऱ्यांत माझा या शिडाशी बराच संबंध आला. हे पातळ नायलॉनचं, पोटाशी खोल शिवलेलं, प्रचंड मोठं शीड. ५० फुटी यॉटचा जिनोआ साधारण ६० चौरस मीटरचा धरला, तर जेनेकर १५०च्या घरात जातो. स्पिनेकरसारखा तो आडव्या काठीवर ताणलेला नसतो. पुढचा खालचा कोपरा नाळेपुढच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढच्या, छोट्या दांड्याला दोराने धरलेला, माथा डोलकाठीच्या टोकाला आणि मागचा कोपरा शीटवर. शीट म्हणजे इथे दोर, कापड नव्हे. पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर सांगा, कारण शाळा शिकलेल्या मुलाला शीट म्हटलं की कागद किंवा पत्राच आठवतो.

तुमचं 'फुगशीड' कानाला गोड आहे, पण मला पटत नाही, कारण फुगतं प्रत्येकच शीड. शिवाय स्पिनेकर, जेनेकर आणि कोड झिरो ही तिन्ही वेगवेगळी शिडं आहेत. कोड झिरो त्यांतलं सर्वांत सपाट, वारा बाजूच्याही पुढून असला तरी चालणारं. 'फुगशीड उभारा' म्हटल्यावर मुलगा कुठली पिशवी उचलेल? 'असममित वातशीड' परीक्षेच्या पेपरात शोभेल, डेकवर ते पुरतं म्हणून होईस्तोवर वारा फिरलेला असेल. नाव जेनेकरच ठेवा. आपण बोट, इंजिन, जेटी हे शब्द घेतलेच की. आपली हवीत ती क्रियापदं, आणि त्यांची निवड फार जपून करायला हवी. त्यावर पुढे लिहितो.

आधी आपल्या किनाऱ्यावर याचा उपयोग कधी होतो ते बघू. पावसाळा संपला, आकाश निवळलं की दिवसाचे दोन वारे सुरू होतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून, दुपारी खारा वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येचा. मुंबईहून खाली गोव्याकडे निघालं की किनारा साधारण दक्षिण-आग्नेयेला धावतो, म्हणजे दुपारचा वारा उजव्या खांद्यामागून येतो. जेनेकरला हेच हवं असतं. वारा थेट पाठीवर असेल तर मुख्य शीड त्याचा वारा अडवतं आणि जेनेकर मिटतो. म्हणून थोडं कोनात, नागमोडी जावं लागतं. वर मुंबईकडे येताना हाच वारा तोंडावर असतो, तेव्हा जेनेकर पिशवीतच राहतो.

दुपारी शीड डाव्या बाजूला, म्हणजे किनाऱ्याकडे असतं. सकाळी मतलईवर ते उजव्या बाजूला, समुद्राकडे. मधे दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो. त्या पडत्या वेळात शीड मोजात घालून टाकावं आणि खारा वारा उठला की दुसऱ्या बाजूला उघडावं. घाईघाईने पालटण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फिरायला निघालेल्या यॉटला बक्षीस मिळवायचं नसतं.

मोजा हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंग्रजीत त्याला सॉक किंवा स्नफर म्हणतात. लांबलचक कापडी नळी, तिच्या तोंडाशी फायबरची रुंद कडी. शीड या नळीत गुंडाळलेलंच वर चढतं. कडी वर ओढली की शीड खालून उघडत जातं, खाली ओढली की मिटत येतं. मोजा हा शब्द मुलांना एका क्षणात कळतो, पण यात गोंधळाची जागा आहे: 'मोजा वर' म्हणजे शीड उघड, 'मोजा खाली' म्हणजे शीड बंद. नुसतं 'वर', 'खाली' ओरडू नये. मोजा हा शब्द दर वेळी उच्चारावा.

प्रतिसाद (मालवण)

पालटण्याच्या मुद्द्यात भर घालतो. जेनेकरची बाजू बदलताना मोठ्या यॉटवर पुष्कळदा तो डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्याही पुढून सोडून पलीकडे नेतात. जुनी जाणती माणसं हे पाहून म्हणतील, यात नवं काय? गलबताचं तिरकं शीड परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या लांब तिरक्या काठीला, बांधलेलं असे. वारा पाठीवर घेऊन, परबाण उभं करून, शीड डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला नेत. मंगळुरी कौलं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या शिडाच्या जहाजांनी हेच केलं. आमच्या घरी त्याला 'शीड फिरवणं' म्हणत. मागच्या वाऱ्यात शिडाची बाजू बदलण्याला इंग्रजीत जाइब म्हणतात; पुस्तिकेत त्यासाठी 'शीड फिरवणे' लिहा. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते मुलांना हाताने करून दाखवतील.

मूळ प्रश्न विचारणारा

मालवणच्या काकांचे आभार, 'शीड फिरवणे' घेतलं. रत्नागिरीकर, क्रियापदांचं राहिलं. मी सगळीकडे 'सोडा' आणि 'ओढा' वापरलं आहे. चालेल ना?

प्रतिसाद (रत्नागिरी)

नाही चालणार. तुमच्या पुस्तिकेतली सर्वांत जोखमीची जागा हीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जेनेकरला तीन दोर महत्त्वाचे: माथ्याचा हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर), मागच्या कोपऱ्याची शीट आणि पुढच्या कोपऱ्याचा दोर. मराठीत तिन्ही 'सोडता' येतात. समजा, जयगडच्या बाहेर दुपारी तीनला वारा १२ नॉटवरून १८वर गेला, बोट वाऱ्याकडे वळायला लागली. सुकाणूवरचा माणूस ओरडतो, "सोड, सोड!" त्याला शीट म्हणायची आहे. डोलकाठीशी उभ्या मुलाच्या हातात हॅलयार्ड आहे, तो बिचारा आज्ञा पाळतो. १५० चौरस मीटर नायलॉन पाण्यात, बोटीच्या पोटाखाली, आणि कुणी इंजिन सुरू केलं तर पंख्यात. चूक त्या मुलाची नाही, शब्दाची आहे.

म्हणून प्रत्येक दोराला त्याचं स्वतःचं क्रियापद द्या. शीट 'सैल' करायची किंवा 'आवळायची'. हॅलयार्ड 'चढवायचा' किंवा 'उतरवायचा'. पुढचा दोर 'लांबवायचा' किंवा 'आखडायचा'. नुसतं क्रियापद कानावर पडलं तरी हात योग्य दोराकडे जाईल, कारण "सैल!" हा शब्द त्या बोटीवर शीटशिवाय कशालाच लावलेला नसेल. 'सोडा' हा शब्द नांगरापुरता राखून ठेवा.

शीट लावण्याची रीतही याच शब्दांत लिहा: शिडाची पुढची कड किंचित दुमडू लागेपर्यंत सैल, मग वीतभर आवळ. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. नवखा माणूस शीट घट्ट आवळून बांधून टाकतो, शीड छान ताणलेलं दिसतं आणि बोट मात्र रेंगाळते. सतत त्या कडेवर नजर ठेवणारा मुलगा हा चांगला खलाशी. वारा अधिक मागून आला की पुढचा दोर हातभर लांबवायचा, शीड वर उचललं जातं आणि वाऱ्याकडे सरकतं. बाजूने आला की आखडायचा.

आणखी एक शब्द पुस्तिकेत हवाच: 'भासणारा वारा'. बोट वाऱ्याबरोबर पळते तेव्हा वारा कमी वाटतो. खरा वारा १६ नॉट, बोट वाऱ्याच्या दिशेने ८ नॉटने चालली आहे, तर चेहऱ्यावर ८च लागतात. सगळे खूश, शर्ट काढून बसलेले. पण त्याच वेगात बोट वळून खरा वारा आडवा आला, की भासणारा वारा १८च्या आसपास जातो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे पाचपट. म्हणून जेनेकर उतरवताना वाऱ्याकडे वळायचं नाही. वाऱ्यापासून दूर वळायचं, जेनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला आणायचा, शीट सैल, मग मोजा खाली, आणि शेवटी हॅलयार्ड उतरव. हा क्रम मोठ्या अक्षरांत छापा.

आपल्याकडे याला एक जोडकलम आहे. दुपारच्या वायव्य वाऱ्यात गोव्याकडे जाताना वाऱ्यापासून दूर वळणं म्हणजे किनाऱ्याकडे वळणं. हर्णैच्या सुवर्णदुर्गाला किंवा सिंधुदुर्गाजवळच्या खडकांना लगटून जेनेकर लावला, तर उतरवायला पाणीच उरत नाही. छायाचित्र सुंदर येतं हे मान्य, पण तेवढ्यासाठी बोट आत घालू नये. आधी बाहेर काढा, मग शीड उघडा.

प्रतिसाद (पुणे)

'भासणारा' ऐवजी 'सापेक्ष वारा' शास्त्रीय दृष्ट्या नेमका ठरेल का?

प्रतिसाद (रत्नागिरी)

पाठ्यपुस्तकात जरूर. इथे मला 'भासणारा' हवा, कारण तो मुलाच्या गालाला कळतो. हवं तर एकदा 'सापेक्ष' लिहून पुढे 'भासणारा' चालवावं.

प्रतिसाद (देवगड)

मी यॉटवाला नाही, मासेमारीवाला आहे. शब्दांबद्दल काही म्हणणं नाही, सगळे छान आहेत. पण एक वाक्य पुस्तिकेत घाला अशी विनंती आहे.

तुम्हीच म्हणता की दुपारी ते मोठं शीड किनाऱ्याच्या बाजूला असतं. आम्हीही त्याच बाजूला असतो. आमच्या छोट्या होड्या, जाळ्यांचे बोये, डोल जाळीचे खुंट, सगळं त्या कापडाआड झाकलं जातं. सुकाणूवरच्या माणसाला ते दिसत नाही आणि दिसलं तरी इतकं कापड उघडं असताना बोट जागच्या जागी थांबत नाही. तेव्हा एक माणूस नाळेवर, शिडाच्या खालून पुढे बघत बसलेला हवा. आमच्यात असा पुढे बघणारा जाळ्याचा बोया कुठल्या टोकाचा, हे झेंडीवरून ओळखतो. कोळ्याची मुलं या कामाला उत्तम. बोया दिसला की जाळं कुठल्या दिशेला पसरलं असेल हे त्यांना सांगावं लागत नाही. आणि रात्री जेनेकर उतरवून ठेवा. अंधारात आमची जाळी कित्येकदा एका मिणमिणत्या दिव्यावर असतात, आणि एक जाळं फाटलं की घराचा हंगाम बसतो.

मूळ प्रश्न विचारणारा

देवगडच्या दादांचं वाक्य घेतो, स्वतंत्र चौकटीत. त्या नाळेवरच्या माणसाला काय म्हणावं? 'लुकआउट' नको वाटतं.

प्रतिसाद (देवगड)

आम्ही काहीच म्हणत नाही, 'पुढे बस' म्हणतो. तेच लिहा: 'पुढे बसणारा'. आणि त्याने हाताने दाखवावं, कुठल्या बाजूला आणि किती लांब. शीड फडफडत असताना पुढची हाक मागे ऐकू येत नाही.