टुपाक शकूर: चळवळीचा गायक की चळवळीच्या पडझडीचा?

कॅसेटवाला

रॅपरवर मराठीत काही लिहून आलं की साचा ठरलेला असतो. बिनबापाचं पोर, व्यसनी आई, गल्लीतल्या गोळ्या आणि मग एके दिवशी हातात माईक. अमेरिकन रॅपर टुपाक शकूरवर परवा असंच एक वाचलं आणि डोकं उठलं. नुसत्या गरिबीने माणूस राजकीय होत असता तर आपल्याकडे नाक्यानाक्यावर शाहीर उभे दिसले असते.

त्याची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची कार्यकर्ती. एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या २१ पँथरांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा खटला भरला, त्यातली ती एक. वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः लढली. गरोदर होती, तुरुंगात रोज एक अंडं आणि पेलाभर दूध मिळावं म्हणून कोर्टाचा हुकूम आणावा लागला. संघटनेत घुसवलेल्या एका पोलिसाची उलटतपासणी तिने घेतली आणि पँथरांचं वस्तीतलं काम चांगलं होतं, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. मे १९७१ मध्ये १५६ च्या १५६ आरोपांतून सगळे निर्दोष सुटले. १६ जूनला हे पोर जन्मलं. पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या तुपाक अमारूचं नाव त्याला दिलं. सावत्र बाप मुटुलू एफबीआयच्या पहिल्या दहा फरारींच्या यादीत. धर्मपिता जेरोनिमो प्रॅट २७ वर्षं आत, आणि शेवटी कोर्टाने ती शिक्षाच रद्द केली.

हाल झाले, पण ते नंतर. संघटना फुटली, माणसं तुरुंगात गेली, आई क्रॅक या अमली पदार्थाच्या आहारी गेली. न्यूयॉर्क, मग बाल्टिमोर, मग कॅलिफोर्नियातलं मरिन सिटी. बाल्टिमोरच्या कलाशाळेत पोरगा नाटक, कविता आणि चक्क बॅले शिकत होता, हे साचेबद्ध लेखात कधी येत नाही.

१९९१ च्या पहिल्या अल्बममधलं ब्रेंडाचं गाणं ऐका. नात्यातल्याच पुरुषाकडून दिवस गेलेली बारा वर्षांची मुलगी बाळंत होते आणि मूल कचऱ्यात टाकते, ही वर्तमानपत्रातली बातमी. ती त्याने एका लांबलचक कडव्यात सांगितली आहे, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. शेवटी ब्रेंडा मरते तेव्हा गाण्याचीच पुन्हा बातमी होते. ही नजर गल्लीने नाही दिली, घराने दिली. माझ्या मते तो चळवळीचाच गायक.

सुलभा_के

पहिला अर्धा भाग पटला. निष्कर्ष अजिबात नाही.

नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जे घडलं त्यावरून वर्षभराने ज्यूरीने त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलं. अधिक गंभीर आरोपांतून सुटला, पण दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तो शेवटपर्यंत नाकारत राहिला, तो त्याचा हक्क. पण धाग्यात याचा उल्लेखही नसावा? ब्रेंडा बातमीतली होती, तिच्यासाठी कडवं निघालं. हॉटेलातली मुलगी समोर होती, तिच्या वाट्याला काय आलं?

आईवर गाणं, सोसणाऱ्या बायकांवर गाणं, आणि त्याच तोंडाने इतर गाण्यांत बायकांना काय काय म्हटलंय ते इथे टंकवत नाही. सोसणारी बाई यांना चालते, उलट बोलणारी नाही. आपल्याकडच्या चळवळींतही हे काही कमी पाहिलेलं नाही.

बिनधास्त_बंड्या

कसली चळवळ न् काय. शिव्या, बंदुका, सोनसाखळ्या. तुकोबांच्या महाराष्ट्रात यावर चर्चा करायची वेळ आली!

छावणीतला

बंड्याभाऊ, तुकोबांच्या गाथेत शिव्या नाहीत असं कोणी सांगितलं तुम्हाला? गाथा उघडा जरा.

धागाकर्त्यांशी सहमत. माझे वडील दलित पँथरच्या छावणीत होते. १९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या पँथरांचं नाव घेऊनच, आणि दोन-तीन वर्षांत तिची शकलं झाली. बाहेर लोक अजून त्या दिवसांची भाषणं करतात. घरात मात्र तारखा होत्या, जामीन होते, गेलेल्या नोकऱ्या होत्या आणि संध्याकाळी बाटली होती. त्या घरातलं पोर जेव्हा बोलतं तेव्हा त्याला सिद्धांतही पाठ असतो आणि सिद्धांताची वासलात कशी लागते तेही. टुपाकमध्ये मला हे दोन्ही एकदम ऐकू येतं. आईवरच्या गाण्यात तो तिच्या व्यसनाचं नाव घेतो आणि तरीही तिला राणी म्हणतो. आमच्या पिढीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि ढसाळ काय सोवळे होते? पुढे शिवसेनेच्या जवळ गेले म्हणून कामाठीपुऱ्यातल्या कविता कुणी परत केल्या का?

सुलभा_के

छावणीतला, त्या घरात आई पण होती ना? बाटलीचा हिशोब तिने चुकवला. वडिलांच्या बाजूने किती सहज लिहिलंत.

डफावर_थाप

मला वेगळीच अडचण आहे. चळवळीचा गायक कोणाला म्हणायचं? अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात गायचं तेव्हा मागे पक्ष होता, युनियन होती, संप होता. पोवाडा संपला की ऐकणाऱ्याला उद्या कुठे जमायचं ते माहीत असायचं. टुपाकचं गाणं संपल्यावर ऐकणारा कुठे जातो? दुकानात, पुढची सीडी घ्यायला.

तो तुरुंगात असताना मार्च १९९५ मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये १४ लाख डॉलरचा जामीन भरून त्याला बाहेर काढलं कोणी? चळवळीने नाही, डेथ रो या रेकॉर्ड कंपनीने. बदल्यात अल्बम लिहून घेतले. त्यानंतर फेब्रुवारी १९९६ ला आलेल्या दुहेरी अल्बममध्ये पँथरचं पोर शोधावं लागतं. पार्ट्या, पैसा आणि दुश्मनी मात्र भरभरून. सप्टेंबरमध्ये लास वेगासला गोळ्या लागल्या आणि पंचविसाव्या वर्षी गेला. राग खरा होता, नाही म्हणत नाही. पण त्या रागाचा मालक दुसराच होता.

कॅसेटवाला

डफावर_थाप, मुद्दा वजनदार आहे, पण संघटना आणायची कुठून? एफबीआयने पँथर पोखरली होती. पँथरांचा नेता फ्रेड हॅम्प्टनला डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत पहाटेच्या छाप्यात झोपेत मारलं, वय २१. टुपाक मोठा होईतो पक्ष नव्हता, युनियन नव्हती. होती फक्त कंपनी. लाल बावट्याची फूटपट्टी १९९१ च्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला लावून कसं चालेल? त्याच ओकलंडमध्ये चुकीच्या जागी रस्ता ओलांडला म्हणून पोलिसांनी त्याला मारलं, तेव्हा त्याने शहरावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. हाती आले चाळीसेक हजार. तरी लढला.

आणि लटाशा हार्लिन्स. लॉस एंजेलिसमधली १५ वर्षांची मुलगी, संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून दुकानदारणीने मागून गोळी घातली. तुरुंगवास नाही, प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, ५०० डॉलर दंड. अमेरिका विसरली असती, हा विसरला नाही, गाण्यांतून तिचं नाव घेत राहिला. अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी १९९२ मध्ये त्याच्या पहिल्या अल्बमबद्दल म्हटलं की अशा संगीताला समाजात स्थान नाही. नुसती करमणूक असती तर उपाध्यक्ष कशाला बोलले असते?

डफावर_थाप

अर्धीच गोष्ट सांगितलीत. टेक्सासमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि आरोपीने या अल्बमकडे बोट दाखवलं, म्हणून क्वेल बोलले. गाण्याने खून होत नाही हे मलाही मान्य. पण सत्ताधारी चिडले म्हणजे गाणं चळवळीचं, हेही खरं नाही. २०२३ ला आपल्याकडे सत्तांतरावर रॅप केलं म्हणून पोरांवर गुन्हे दाखल झाले. आठवडाभर शेअर झालं सगळं. त्या पोरांच्या तारखांना कोर्टात कोण गेलं, हे इथल्या किती जणांना माहीत आहे?

छावणीतला

हा टोमणा लागला. पण तो ऐकणाऱ्यांना आहे, गाणाऱ्यांना नाही.

सुलभाताई, आईचं म्हणालात ते बरोबर आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल. पण टुपाकने तेच तर केलं ना, बाप सोडून आईवर लिहिलं?

सुलभा_के

आईवर लिहिणं सोपं असतं हो. ती कोर्टात जात नाही.

कॅसेटवाला

त्या आईवरच्या गाण्यावर स्वतंत्र लिहिणारच आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलं. सरकारने आईवर खटला भरला आणि सरकारच लेकाचं गाणं जपून ठेवतंय, एवढ्यावरच चार पानं होतील.

सुलभा_के

लिहा, वाचेन. आणि त्यात सी. डेलोरिस टकर पण घ्या. मार्टिन ल्यूथर किंगबरोबर मोर्चात चाललेली बाई. बायकांबद्दल गाण्यांत असं बोलू नका, एवढंच म्हणत होती. तिचं नाव घेऊन याने गाण्यात शिवी घातलीय. ती कुठल्या चळवळीत बसवता ते बघू.