मदत हवी आहे: कुत्री खात नाही, नुसतं पाणी पिते. लवकर सांगा

कपाशी_हिंगणघाट: कालपासून भाकरीला तोंड लावत नाही, दोनदा ओकली, पाणी मात्र लय पिते. गावच्या दवाखान्यात डॉक्टर सोमवारी येणार. तोवर कोणती गोळी देऊ? डोस सांगा.

वरोरा_पशुधन: वय किती? नसबंदी झाली का? माजावर कधी होती?

बोरधरण: गोचीड ताप आहे. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) द्या, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, रोज एकदा.

कपाशी_हिंगणघाट: आठ वर्षांची. नसबंदी नाही. दीड महिन्यापूर्वी माजावर होती. मागून लालसर वासाची घाण येत होती, ती काल बंद झाली. म्हणजे सुधारतेच ना?

वरोरा_पशुधन: नाही जी! घाण बंद झाली आणि कुत्री सुस्त, तर गर्भपिशवीचं तोंड मिटलं असेल. पू आत साठतोय असं धरून चाला, याला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे पिशवीचं अस्तर जाड होतं, आकुंचन थांबतं, बहुतेकदा ई. कोलाय जंतू वाढतात. त्यांच्या विषानं मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी लघवीवाटे जातं, म्हणून ही तहान. सोमवारपर्यंत थांबू नका, पिशवी फुटू शकते.

बोरधरण: रक्त न तपासता एवढं कसं ठरवता? गोचीड तापातही खाणं सुटतं.

वरोरा_पशुधन: तपासाच. गोचीड तापात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात, पायोमेट्रात पांढऱ्या पेशी बहुतेकदा खूप वाढतात. पण सोनोग्राफी आजच हवी.

वणी_श्वान: ऑपरेशन कशाला? प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शननं पिशवी आकुंचन पावते, पू बाहेर पडतो, पुढं पिल्लंही होतात. माझ्याकडं चांगल्या जातीचा नर आहे, सांगा.

वरोरा_पशुधन: तोंड मिटलेलं असताना ते इंजेक्शन म्हणजे पिशवी फाडणं. ऑक्सिटोसिनही नको, तेही पिशवी आवळतं. तोंड उघडं असलं तरी प्रोस्टाग्लँडिन डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं, आणि पुढच्या माजाला दुखणं उलटू शकतं. आठ वर्षांच्या कुत्रीला आधी सलाईन, अँटिबायोटिक, मग अंडाशयासकट पिशवी काढणं हाच इलाज. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको, मूत्रपिंड जाईल.

कपाशी_हिंगणघाट: थर्मामीटरवर १००.५ फॅरनहाइट भरलं, कुत्र्याला एवढं असतंच. ताप नाही म्हणजे थांबता येईल ना?

वरोरा_पशुधन: नाही. पायोमेट्रात ताप नसतो असंही होतं. तापमान ९९ च्या खाली गेलं तर आणखी वाईट. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, निघण्याआधी फोन करून सर्जन आहेत का विचारा.

कपाशी_हिंगणघाट: गाडी सांगितली. वाटेत काय देऊ?

वरोरा_पशुधन: खायला काही नाही, भूल द्यावी लागेल. पाणी घोट घोट. पोट दाबून पाहू नका, उचलताना छाती आणि मांड्यांखाली हात घाला. माजाची तारीख कागदावर लिहून न्या.