४८६ (जुना इंटेल प्रोसेसर) च्या बोर्डावर १२८ केबी कॅश (प्रोसेसर आणि रॅममधली छोटी, वेगवान मेमरी) आहे, २५६ करायची आहे. काय काय लागेल?

कुपवाड_टूलरूम:
कुपवाड एमआयडीसीतल्या युनिटमध्ये टेस्टिंग मशीनला ४८६ डीएक्स२-६६ जोडलेला आहे. मशीनचं कार्ड आयसा स्लॉटचं (जुन्या पीसीतला स्लॉट), त्यामुळे पीसी बदलायचा प्रश्नच नाही. रॅम ८ एमबी, डॉस ६.२२. रिपोर्ट फॉक्सप्रोमधून (डेटाबेस प्रोग्रॅम) निघतात आणि तिथंच गाडी अडते. बोर्डावर कॅशची नऊ सॉकेट आहेत. बँक ० मध्ये चार चिप्स, नंबरच्या शेवटी २५६-२०. बँक १ पूर्ण रिकामी. बाजूच्या टॅगच्या सॉकेटात एक चिप, तिच्यावर ६४-२०. बँक १ मध्ये चार चिप्स बसवल्या की काम झालं का? सांगलीत एका दुकानात ६२२५६-७० स्वस्तात मिळतायत, त्या चालतील का? आणि खरंच फरक पडेल ना?

जंपर_अण्णा:
चार नाही, पाच चिप्स घ्या. सगळे इथंच फसतात.

४८६ ची कॅश १६ बाइटच्या ओळींत चालते. १२८ केबी म्हणजे ८ हजार ओळी, आणि प्रत्येक ओळीत रॅममधला कुठला पत्ता आहे त्याची नोंद टॅग चिपमध्ये. तुमची ६४ वाली चिप म्हणजे ८के × ८ (८ हजार जागा, प्रत्येकीत ८ बिट), ती १२८ केबीलाच पुरते. २५६ केबीला १६ हजार नोंदी लागतात. त्या मापाची चिप शोधत बसू नका, सरळ ३२के × ८ घाला. म्हणजे पाचही चिप्स एकाच जातीच्या: ३२के × ८, ५ व्होल्ट, १५ नॅनोसेकंद. ३३ मेगाहर्ट्झच्या बसवर एक क्लॉक ३० नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे डेटाच्या जुन्या २० वाल्या राहू द्या. टॅग मात्र १५ चीच हवी, कारण तिच्यातली नोंद वाचून पत्ता जुळतो की नाही हे ठरवायलाही त्याच क्लॉकमधला वेळ जातो.

मग जंपर (बोर्डावरच्या पिना जोडून सेटिंग बदलणाऱ्या छोट्या टोप्या). प्रत्येक बोर्डाचे वेगळे, दुसऱ्या बोर्डाचा तक्ता बघून लावू नका. बहुतेक वेळा सॉकेटांजवळ बोर्डावरच १२८/२५६/५१२ चा तक्ता छापलेला असतो.

फरकाचं स्पष्ट सांगतो. कॅश अजिबात नसताना १२८ घातली तर मशीन ओळखू येणार नाही. १२८ ची २५६ केली तर आकारामुळे मिळणारा फायदा थोडका. खरा फायदा दुसऱ्या बँकेचा. दोन बँका भरल्या की चिपसेट एकदा हिच्यातून, एकदा तिच्यातून असं आळीपाळीने वाचू शकतो, आणि बायोसमध्ये कॅश रीड (एका ओळीच्या चार वाचनांना लागणारे क्लॉक) ३-२-२-२ वरून २-१-१-१ करून बघता येतं. पहिल्या दिवशी ३-२-२-२ च ठेवा.

सोल्डर_मिरज:
६२२५६-७० घेऊ नका. क्षमता तीच, पण ७० नॅनोसेकंद म्हणजे दोन क्लॉकपेक्षा जास्त. शिवाय ती रुंद चिप आहे, पायांच्या दोन ओळींत ०.६ इंच अंतर. कॅशची सॉकेट बहुधा ०.३ इंचाची, त्यात ती बसणारही नाही. मोडीत निघालेल्या ४८६ किंवा ३८६ बोर्डाच्या सॉकेटातून काढलेल्या चिप्स बघा. २०१९ च्या पुरात भिजलेल्या बोर्डाची असेल तर पाय हिरवे पडलेत का ते भिंगातून पाहूनच पैसे द्या.

बसवताना: सॉकेट ३२ पिनांची असतील तर २८ पायांची चिप खाचेच्या विरुद्ध टोकाला सरकवून बसवायची, खाचेकडची चार भोकं रिकामी राहतात. बँक ० मधल्या चिप्स कशा बसल्यात ते बघा आणि तसंच करा. नव्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात, टेबलावर टेकवून हलके आत घ्या, नाहीतर एखादा पाय चिपखाली दुमडतो आणि वरून दिसतही नाही. बोर्ड बाहेर काढावा लागला तर सप्लायचे दोन प्लग परत लावताना काळ्या तारा मधोमध आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड गेलाच.

निळी पिंपासारखी सीमॉस बॅटरी (बायोसची सेटिंग जपणारी) असेल तर तीही तपासा. तिचं पाणी कॅशच्या सॉकेटखालचे ट्रॅक खाऊन टाकतं.

कुपवाड_टूलरूम:
पाच चिप्स मिळाल्या, जुन्या बोर्डावरच्या. बसवल्या, जंपर २५६ वर. बायोस २५६ केबी दाखवतोय, पण डॉस सुरू होताना हायमेम (डॉसचा मेमरी ड्रायव्हर) एक्सएमएस मेमरी (१ एमबीच्या वरची रॅम) खात्रीची नाही असं म्हणून थांबतं.

जंपर_अण्णा:
आधी बायोसमध्ये एक्सटर्नल कॅश बंद करून चालू करा. तक्रार गेली तर रॅम ठीक, दोष कॅशमध्ये. बायोसनं २५६ दाखवलं यावर जाऊ नका, काही बायोस नुसता आकडा दाखवतात.

मग जंपर १२८ वर, बँक १ रिकामी, नवी टॅग तशीच. चाललं तर टॅग बरी. आता बँक ० मधल्या जुन्या चार काढून नव्या चार घाला. अडखळलं तर एकेक नवी काढून तिथं जुनी घाला, खराब चिप सापडेल. चारही चालल्या तर चिप्स निर्दोष, मग बँक १ चं एखादं सॉकेट किंवा जंपर. दर वेळी वीज पूर्ण बंद करूनच.

कुपवाड_टूलरूम:
बँक १ च्या तिसऱ्या सॉकेटात एक पाय दुमडला होता. सरळ केला, आता हायमेम गप्प. २-१-१-१ वर टाकू का?

सोल्डर_मिरज:
आधी कॅशचेक (कॅशचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. डॉस सुरू होताना एफ५ दाबून, ईएमएम३८६ वगैरे मेमरी ड्रायव्हर लोड न करता. ८ केबीपर्यंत (प्रोसेसरच्या आतली कॅश) एक वेग, तिथून २५६ पर्यंत दुसरा, पुढे रॅमचा तिसरा, अशा तीन पायऱ्या दिसायला हव्यात. ८ नंतर एकच पायरी दिसली तर बाहेरची कॅश चालूच नाही. आकडे लिहून ठेवा, मग २-१-१-१ करून पुन्हा बघा. तासभर रिपोर्ट चालवा. अडकलं तर मुकाट्याने मागे या.

आणि फॉक्सप्रो रखडतं तेव्हा हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो का? असेल तर तो डिस्कचा वेळ आहे, या चिप्सनी फारसा हलणार नाही. स्मार्टड्राइव्ह (डॉसची डिस्कसाठीची कॅश) २०४८ केबीचं लावा, पण एमआयडीसीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सोबत स्लॅश एक्स द्या, म्हणजे लिहायचा डेटा तो अडकवून ठेवणार नाही. इंडेक्स फाइल अर्धवट राहिली तर रिपोर्ट वेगाने चुकीचे निघतील.