काट्याचे लॉग टेलिग्रामवर: सोय की डोक्याला ताप?

काटाघर_वणी
वणीकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पायथनमध्ये आहे. गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरचं वजन सिरियल केबलनं कॉम्प्युटरात येतं, पावती निघते. बॉट (आपोआप मेसेज टाकणारं खातं) बनवून मी त्याचे सगळे लॉग, म्हणजे प्रोग्राम काय काय करतो त्याच्या नोंदी, टेलिग्राम ग्रुपवर सोडलेत. ग्रुपमध्ये मालक, मुनीमजी, काटेवाला आणि मी. माझं स्पष्ट मत आहे की लहान धंद्याला हेच बरं. फाइलमधला लॉग कोणी उघडून पाहत नाही. परवा ‘पोर्ट सापडत नाही’ असा एरर मोबाईलवर आला. मी यवतमाळात होतो. काटेवाल्याला फोन केला, त्यानं सैल झालेली पिन दाबली आणि कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायच्या आत काटा सुरू. सांगा, यात वाईट काय?

हिंगणघाटचा_पोट्टा
एररपुरतं ठीक. पण सगळे लॉग काहून? एका गाडीच्या चार ओळी धरल्या तरी हंगामात ग्रुपचं काय होत असेल! टेलिग्राम बॉटला एका ग्रुपमध्ये मिनिटाला 20 च मेसेज टाकू देतो. त्यावर गेलात की 429 नंबरचा एरर येतो, म्हणजे इतके सेकंद थांबा. त्या गर्दीत खरा एरर मागे राहतो. शिवाय एका मेसेजला 4096 अक्षरांची मर्यादा. लांबलचक ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आला त्याची यादी) तुकडे न करता पाठवला तर तो अर्धा येत नाही, अख्खाच नाकारला जातो.

आणि मेसेज पाठवायचं काम मुख्य प्रोग्राममध्येच ठेवलंय का? मग नेट रखडलं की पावतीही रखडणार. पायथन 3.2 पासून क्यू-हँडलर आहे, लॉग रांगेत लावणारा. लॉग रांगेत टाका, पाठवायचं काम वेगळ्या थ्रेडला (बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या भागाला) द्या, काट्यानं कोणासाठी थांबू नये. मूळ लॉग फाइलमध्ये राहू द्याच.

दारव्हेकर
भाऊ, हे सारं ज्यायले नोकरीले माणसं हायेत त्यायच्यासाठी. जिनिंगचा मालक काय डॅशबोर्ड उघडून पाह्यणार हाये? मोबाईल त्याच्या हातातच असते. मेसेज आला का तो फोन करते, आपण दुरुस्त करतो. विषय संपला.

आर्वीची_मी
संपला कसा? खरेदीच्या नोंदीत शेतकऱ्याचं नाव, आधार, बँक खातं असतं. प्रोग्राम कोसळताना यातलं काय काय लॉगमध्ये उतरेल ते कोण तपासतं? बॉटच्या चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसतं. काम सोडून गेलेला काटेवालाही बहुतेक ग्रुपमध्ये तसाच असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय, तो जिनिंगला लागू नाही असं समजू नका.

दुसरं, टेलिग्रामला मेसेज ज्या वेबपत्त्यावर पाठवता त्यातच बॉटचं टोकन, म्हणजे त्याची किल्ली असते. पाठवायला पायथनची एचटीटीपीएक्स वापरत असाल तर ती लायब्ररी प्रत्येक विनंतीचा पत्ता इन्फो पातळीवर (साध्या माहितीच्या नोंदींत) लॉग करते. म्हणजे किल्ली थेट ग्रुपवर. वर त्या लॉगचा मेसेज, त्या मेसेजचा पुन्हा लॉग, कापूसकोंड्याची गोष्ट नुसती. त्या लायब्ररीचा लॉग आधी वॉर्निंगवर न्या, म्हणजे इन्फोच्या नोंदी थांबतील.

काटाघर_वणी
टोकनचं आजच पाहतो. आधार आणि खातं लॉगमध्ये घेतच नाही. पण इन्फो बंद करणार नाही. कोणती गाडी आली, किती भरली, हे मालकाला तिथल्या तिथे दिसायला हवं.

हिंगणघाटचा_पोट्टा
मग तो लॉग नाही, रिपोर्ट आहे. त्याला वेगळा ग्रुप करा आणि दर तासाला एकच मेसेज: गाड्या इतक्या, क्विंटल इतके. एररच्या ग्रुपवर फक्त ज्यासाठी कोणाला तरी उठावं लागेल तेच. नाहीतर मुनीमजी तो म्यूट करतील, केलाही असेल.

पण तुमच्या पद्धतीतली खरी गोम वेगळीच. आपल्याकडे सगळ्यात जास्त काय बिघडतं? लाईन जाते. इन्व्हर्टर बसला की कॉम्प्युटर बंद, राउटर बंद. त्या वेळी एरर पाठवणार कोण? ग्रुप शांत, आणि तुम्ही यवतमाळात समजता की सगळं बरं चाललंय. म्हणून काट्याच्या कॉम्प्युटरनं दर 5 मिनिटांनी बाहेरच्या मशीनकडे हजेरी लावावी. हजेरी चुकली की त्या मशीननं मेसेज करावा.

दारव्हेकर
अन् त्या मशीनचे पैसे कोण देणार, तू?

हिंगणघाटचा_पोट्टा
पैसे कशाला? घरी जुना अँड्रॉइड पडला असेल ना, टर्मक्स (मोबाईलवर असे प्रोग्राम चालवायचं ॲप) टाका आणि चार्जरला लावून ठेवा. फक्त जिनिंगपासून लांब, विजेच्या दुसऱ्या फीडरवर.

काटाघर_वणी
फोन आहे. हजेरीचं करतो. इन्फोच्या ग्रुपचं मालकाशी बोलल्याशिवाय नाही.